मुलाखतीआधी एक मूल नीट आठवा

एप्रिल उजाडला की मला फोन यायला लागतात. "ताई, परवा मुलाखत आहे. काय काय विचारतात हो?" विशेष शिक्षणात नुकतंच बी.एड. झालेल्या मुली असतात, क्वचित मुलगेही. कुणी जुहूच्या एसएनडीटीतून शिकलेली, कुणी चेंबूरच्या हशू अडवाणी कॉलेजमधून, कुणी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतून. शाळा जूनमध्ये उघडायच्या आत जागा भरायच्या असतात, त्यामुळे सगळ्यांची धावपळ एकदमच सुरू होते. ज्यांना जमतं त्या घरी येतात आणि येताना वही आणतात. वहीत दिव्यांगत्वाचे प्रकार, कायद्यांची सालं, चाचण्यांची लांबलचक नावं. लाल पेनाने अधोरेखित केलेलं, लोकलमध्ये उभ्याने पाठ केलेलं.

मी वही मिटायला सांगते आणि म्हणते, "इंटर्नशिपमध्ये तू शिकवलेलं एक मूल डोळ्यांसमोर आण. मला त्याच्याबद्दल दहा मिनिटं सांग."

बहुतेकींचं दोन मिनिटांत संपतं. "ऑटिझम होता, ताई. हायपर होता, आय कॉन्टॅक्ट नव्हता. पण नंतर खूप इम्प्रूव्हमेंट झाली." काय इम्प्रूव्हमेंट झाली, हे विचारलं की त्या माझ्याकडे बघत राहतात. त्यांनी काम केलेलं असतं, जीव ओतून केलेलं असतं, त्यांच्या हातून मूल पुढेही गेलेलं असतं. ते कसं गेलं हे कुणाला सांगायची वेळच आलेली नसते. आणि मुलाखत म्हणजे नेमकी तीच वेळ असते, असं मला वाटतं. व्याख्या पुस्तकात सापडतात. समोर बसलेल्या मुख्याध्यापकांना कळून घ्यायचं असतं की या बाई मुलाकडे बघतात कशा.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण तिथे मतांना जागा नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. १९९२च्या कायद्याने ही परिषद चालते आणि तिच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. सीआरआर नंबर (म्हणजे परिषदेच्या नोंदवहीतला आपला क्रमांक), नोंदणीची मुदत, नूतनीकरणासाठी केलेल्या सीआरई, म्हणजे पुढच्या प्रशिक्षणाच्या कार्यक्रमांची प्रमाणपत्रं, आपलं बी.एड. कोणत्या दिव्यांगत्वाच्या शाखेतलं आहे त्याचा कागद, हे सगळं एका फाईलमध्ये वर दिसेल असं लावावं. नोंदणी अजून हातात आली नसेल तर अर्जाची पावती न्यावी आणि ते आपण होऊन सांगावं.

कायदा मात्र नुसता पाठ असून भागत नाही. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम सगळ्याजणी सांगतात, १९९५च्या कायद्यातले ७ प्रकार वाढून २१ झाले हेही सांगतात. मग मी विचारते, "समजा तू ऑफिसात बसली आहेस. खिडकीवर एक आई आली आहे, मुलगी आठ वर्षांची, बौद्धिक अक्षमता, प्रमाणपत्रावर ६० टक्के. क्लार्क म्हणतोय, अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात, तिकडे न्या. तू काय म्हणशील?" इथे कायदा अंगी लागलाय की नाही ते कळतं. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या, ६ ते १८ वर्षांच्या मुलाला घराजवळच्या शाळेत किंवा पालकांना हव्या त्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. निवड त्या आईची आहे, क्लार्कची नाही. हे आवाज न चढवता, पण न डगमगता सांगता आलं पाहिजे. मुलाखत घेणाऱ्यांपैकी कुणी कलम विचारलं तर ३१ म्हणावं. पण आधी ती खिडकी डोळ्यांसमोर यावी.

आता मुलाकडे येते.

मी शिकवलेल्या एका मुलाचं उदाहरण या मुलींना नेहमी देते. त्याची ओळख पटेल असं सगळं बदलून देते, आणि त्यांनाही तेच करायला सांगते. मुलाचं नाव, त्याच्या शाळेचं नाव, त्याचे फोटो, त्याच्या अहवालाची झेरॉक्स, यातलं काहीही मुलाखतीला न्यायचं नाही. फोनमधला व्हिडिओ तर मुळीच दाखवायचा नाही, मूल त्यात कितीही गोड दिसत असलं तरी. एका मुलाचं गुपित आपण नोकरीसाठी उघड केलं तर उद्या या शाळेतल्या मुलांचंही करू, हे समोरच्याला कळायला वेळ लागत नाही.

तर हा मुलगा चौथीतला, मराठी माध्यमातला, गिरणगावात वाढलेला. बोलण्यात पटाईत, सणावारांची खडान्‌खडा माहिती असलेला, क्रिकेटचे स्कोअर तोंडपाठ असलेला. वाचायला पुस्तक दिलं की पोटात दुखायचं. वर्गशिक्षिकेचा शेरा होता, 'लक्ष देत नाही, आळशी आहे.' मी त्याच्या शेजारी बसून काही दिवस त्याचं वाचन नुसतं ऐकलं आणि चुका जशाच्या तशा लिहून ठेवल्या. 'घ' आणि 'ध' यांची अदलाबदल, 'भ' आणि 'म' यांचीही. त्या शोधायला सोप्या होत्या. खरी गंमत 'र'पाशी होती. 'सूर्य' तो 'सूयर' वाचायचा, 'पर्वत' झालं 'पवरत'. 'चक्र' मात्र बरोबर, 'ग्रह' बरोबर, 'ट्रक' तर न बघता. 'कैऱ्या' पुन्हा अडायचं.

इथे क्षणभर थांबायला हवं, कारण आपल्या लिपीत 'र' जितकी रूपं घेतो तितकी दुसरं कुठलं व्यंजन घेत नाही. तो रफार होऊन डोक्यावर बसतो, तिरकी रेघ होऊन पोटात शिरतो, 'ट'च्या पायाशी उलटा कोन होतो आणि 'कैऱ्या'त अर्धचंद्रासारखा वाकतो. रफाराची अडचण सगळ्यात मोठी. उच्चार आधी येतो आणि खूण मात्र पुढच्या अक्षरावर असते. डोळ्याला एक घर पुढे जाऊन परत मागे यावं लागतं. बाकीची मुलं हे कधी शिकली ते त्यांनाही आठवत नाही. आमचा मुलगा दिसेल तसं, दिसेल त्या क्रमाने वाचत होता. 'य'वर 'र' आहे, तर आधी य, मग र. त्याचं तर्कशास्त्र चोख होतं, आणि 'आळशी' या शेऱ्यात त्याला कुठेच जागा नव्हती.

मग मी पुठ्ठ्याचे चौकोन कापले. 'सू' एका चौकोनावर, 'य' दुसऱ्यावर, आणि छोट्या लाल चौकोनावर 'र्'. लाल चौकोन आधी दोघांच्या मधे ठेवायचा, बोट सरकवत 'सू-र्-य' म्हणायचं, मग तोच चौकोन उचलून 'य'च्या डोक्यावर बसवायचा आणि पुन्हा तेच म्हणायचं. खूण कुठून उठून कुठे गेली हे त्याच्या स्वतःच्या हाताला कळलं. दोन-तीन आठवड्यांनी चौकोन काढून घेतले, फक्त रफार लाल ठेवला. त्यानंतर तोही काळा केला.

एवढं सांगितलं की मी त्या मुलींना आराखड्यातलं उद्दिष्ट लिहायला लावते. वैयक्तिक शैक्षणिक आराखडा म्हणजे आयईपी, त्यावर प्रश्न येणारच. पहिल्या झटक्याला सगळ्याजणी लिहितात, 'विद्यार्थ्याच्या वाचनात सुधारणा होईल.' हे उद्दिष्ट होत नाही, ही सदिच्छा झाली. उद्दिष्ट असं लिहावं: 'ऑगस्टअखेर, आधी न पाहिलेले रफाराचे १० शब्द दिले तर त्यातले ८ तो मदतीशिवाय वाचेल, आणि हे लागोपाठ ३ दिवस जमेल.' कोण, कधीपर्यंत, काय, कोणत्या परिस्थितीत, किती, सगळं आलं. सप्टेंबरमध्ये दुसऱ्या कुणी बाई आल्या तरी त्यांना कळेल की मूल कुठे उभं आहे. ज्या उमेदवाराला असं एक वाक्य लिहिता येतं, तिला चाचण्यांची दहा नावं आठवली नाहीत तरी मी निवडेन.

वर्तनाचा प्रश्न हमखास असतो. "मूल वर्गात किंचाळायला लागलं, वस्तू फेकायला लागलं, तर काय कराल?" इथे मुली घाईघाईने उपाय सांगत सुटतात. टाइम आऊट, टोकन, मिठी मारीन, बाहेर नेईन. मी म्हणते, आधी सुरक्षितता सांगा, मुलाची आणि शेजारच्यांची. मग म्हणा की त्या क्षणी फार काही शिकवता येत नाही, आणि लगेच सांगा की मी नोंद कशी ठेवेन. आधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं किंवा कशातून सुटका झाली. तीन रकान्यांचा साधा कागद. निदान आठवडाभर तरी भरावा.

यातही मुंबईचं उदाहरण द्यायला हरकत नसते. आमच्या ओळखीच्या एका शाळेत स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेली मुलगी होती. जूनच्या शेवटापासून तिचं रडणं, हात चावणं सुरू झालं. कुणी म्हणे औषध बदललं असेल, कुणी म्हणे घरी काही झालं असेल. कागद भरला गेला तेव्हा दिसलं की हे फक्त मंगळवार आणि शुक्रवारी होतंय, आणि त्यातही पाऊस असेल त्याच दिवशी. त्या दोन दिवशी खेळाचा तास होता. पाऊस आला की मैदान रद्द, मुलांना हॉलमध्ये बसवायचे. तिच्या चित्रांच्या वेळापत्रकावर मात्र मैदानाचंच चित्र. वेळापत्रक तिच्याशी खोटं बोलत होतं. तिच्या बाईंनी पावसाचं एक कार्ड केलं. सकाळी आकाश बघून, गरज असेल तर, मैदानाच्या चित्रावर ते चिकटवायचं आणि शेजारी हॉलचं लावायचं. चिकटवायचं तिनेच. रडणं एका दिवसात थांबलं नाही, पण जुलै सरता सरता हात चावणं गेलं. मुलाखतीत अशी एक गोष्ट सांगता आली तर 'बिहेविअर मॉडिफिकेशन' हा शब्द उच्चारायचीही गरज पडत नाही.

पालकांचा प्रश्न माझ्या मते सगळ्यात अवघड, आणि त्याची तयारी सगळ्यात कमी होते. "पालक मान्यच करत नसतील तर?" उत्तर येतं, "मी त्यांचं काउन्सेलिंग करेन." हे ऐकलं की मला त्या आईची आठवण येते जी कळव्याहून दोन गाड्या बदलून येते, अर्धा दिवसाचा पगार कापून घेते आणि शाळेत आल्यावर तिला पुन्हा एकदा मुलाचा कमीपणा ऐकवला जातो. तिला आधी मुलाला काय येतं ते सांगावं, आणि खरंखुरं सांगावं. मग एकच अडचण दाखवावी, त्याच्या वहीतून. 'अध्ययन अक्षमता', म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन-गणितात येणारी अडचण, हा शब्द पहिल्याच भेटीत काढायची घाई नको. निदान करणं आपलं कामही नव्हे. आपण निरीक्षण लिहून द्यायचं, तपासणी तज्ज्ञ करतात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांत ही तपासणी होते. डोळे, कान, बुद्धिमापन, शैक्षणिक चाचण्या, असे हेलपाटे पडतात. ते का घालायचे हे आईला समजलं पाहिजे. दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, गरज असेल तर लेखनिक, अशा सवलती त्या प्रमाणपत्रावर मिळतात, आणि नववीच्या शेवटी जाग आली तर फार उशीर होतो. वडील "माझा मुलगा वेडा नाही" म्हणाले तर वाद घालू नये. "नाहीच," म्हणावं, कारण ते खरंच आहे. मग पुढचं बोलावं.

डेमोची, म्हणजे मुलाखतीत शिकवून दाखवायची, भीती सगळ्यांना असते. समोर खरं मूल क्वचितच असतं. शाळेतलाच कुणीतरी 'मूल' होऊन बसतो, किंवा नुसतं म्हणतात, करून दाखवा. चकचकीत, लॅमिनेट केलेलं साहित्य तीन रात्री जागून करायची गरज नाही. ताटलीत रवा पसरून बोटाने अक्षर गिरवता येतं. कपड्यांचे चिमटे मोजता येतात, आणि चिमटा दाबताना बोटांना ताकदही येते. विशेष शाळेत मुलाखत असेल तर रोजच्या जगण्यातलं एखादं कौशल्य निवडावं. शिवडीच्या जय वकील संस्थेसारख्या, १९४४ पासून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या जुन्या संस्थांत हे काम मोठ्या गांभीर्याने होतं, आणि तिथल्या लोकांना पोकळ डेमो लगेच ओळखता येतो.

मी मुलींकडून शर्टाचं बटण लावायचा डेमो करून घेते. पायऱ्या पाडायच्या: काज धरणं, दुसऱ्या हाताने बटण धरणं, बटणाची कड काजात घालणं, पलीकडून चिमटीत पकडणं, ओढणं. मग शिकवायचं उलटीकडून. पहिल्या चार पायऱ्या आपण करून द्यायच्या आणि शेवटचं ओढणं मुलाने करायचं. म्हणजे पहिल्याच दिवशी बटण 'त्याने' लावलं. हळूहळू एकेक पायरी त्याच्याकडे. डेमोत हे करताना आपला हात कधी मागे घ्यायचा ते दिसलं पाहिजे. मदत देणं सगळ्यांना येतं. ती काढून घेताना कौशल्य लागतं, आणि जाणती माणसं तिथेच बघत असतात.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना इंग्रजीची धास्ती असते. मोठ्या बोर्डांच्या शाळांत 'लर्निंग सपोर्ट' विभाग असतात, सीबीएसईच्या शाळांना तर विशेष शिक्षक नेमणं संलग्नतेच्या नियमांतच आहे, म्हणजे जागा तिकडेही असतात. माझं या बाबतीत ठाम मत आहे. इंग्रजी सुधारावं, जरूर सुधारावं, कारण अहवाल लिहावे लागतात. पण उत्तर येत असून भाषेपायी गप्प बसू नये. "मी हे मराठीत किंवा हिंदीत सांगू का?" असं विचारावं. या शहरात मुलं घरी मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू, तमिळ बोलतात आणि शाळेत इंग्रजीत अडखळतात. मूल भाषेमुळे अडतंय की अक्षमतेमुळे, हे ओळखायला त्याच्या घरची भाषा कळणारी शिक्षिका लागते. ती आपली जमेची बाजू आहे आणि ती तोंडाने सांगायला हवी.

महापालिकेच्या किंवा समग्र शिक्षा अभियानाच्या जागांचं वेगळं. तिथे करार असतो, फिरती असते, एकेकीकडे अनेक शाळा असतात. तिथे 'शाळेत आठवड्यातून एकदाच जाणार असाल तर वर्गशिक्षकाला काय देऊन याल?' याचा विचार करून जावं. प्रत्येक मुलामागे वर्गात रोज करता येईल अशी एकच गोष्ट, एका चिठ्ठीवर लिहून. तीन दिल्या तर एकही होत नाही.

आणि मग ते शेवटी विचारतात, "तुम्हाला काही विचारायचंय?" मुली मान हलवून "नाही" म्हणतात. पगार विचारायचा संकोच असतो, तो विचारावाच. त्याच्याही आधी कामाचं विचारावं. माझ्याकडे किती मुलं असतील? २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला दर १० आणि पुढच्या वर्गांना दर १५ दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. शाळेने चाळीस सांगितली तर किमान कळू तरी दे, आपण कशात उतरतोय. वर्गशिक्षकांशी बोलायला वेळापत्रकात तास आहे का? मुलांसोबत शॅडो, म्हणजे वर्गात शेजारी बसणारे मदतनीस, असतील तर त्यांना कोण शिकवतं, त्यांचे पैसे कोण देतं? गेल्या वर्षीचे आराखडे कुठे ठेवलेत? आणि एक प्रश्न नम्रपणे पण नक्की: कुणी शिक्षक रजेवर असेल तर बदली तासाला मला पाठवणार का? कितीतरी शाळांत विशेष शिक्षक म्हणजे हाताशी मोकळा असलेला माणूस, असं धरलं जातं. त्या तासाला ज्या मुलाचं वाचन बुडतं, त्याची नोंद कुणीच ठेवत नाही. याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून हा प्रश्न मी प्रत्येकीकडून घोटून घेते.

रिसोर्स रूम, म्हणजे या मुलांना वेगळं शिकवायची खोली, बघायला मागावी. मागच्या वर्षी माझ्याकडे आलेल्या एका मुलीने ती मागितली. शिपायाने जिन्याखालची खोली उघडली, तर आत मोडकी बाकं, स्नेहसंमेलनाचं सामान आणि प्रयोगशाळेचं जुनं कपाट. तिने तिथेच उभं राहून मुख्याध्यापिकांना विचारलं, "बाई, जूनच्या आत ही खोली रिकामी होईल का? आणि इथे एक खिडकी आहे, ती उघडते का?" मुख्याध्यापिकांनी ते वहीत लिहून घेतलं. संध्याकाळी तिने मला फोन केला आणि आयईपीचा प्रश्न चांगला गेला, कायद्याचा बरा गेला, असं सगळं सांगितलं. नोकरी तिला मिळाली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा फोन आला. कपाट हललंय, सामान हललंय, खिडकीला सुतार आणायचाय. बाकं मात्र तिने मुद्दाम ठेवून घेतली होती, त्यातली दोन बुटकी करून घेणार होती. एका मुलाचे पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि पाय लोंबकळत असले की त्याची पेन्सिल घसरते, हे तिला पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं.